चर्चचा हॉल, तलाठ्याची यादी आणि तितूरचा पूर

२०२१ च्या ऑगस्टअखेर चाळीसगावातल्या आमच्या चर्चला कुलूप होतं. कोरोनामुळे राज्यातली सगळीच प्रार्थनास्थळं बंद होती; ती उघडली ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी. आमची रविवारची उपासना मोबाइलवर चालायची आणि अर्पण कुणीतरी घरोघरी जाऊन गोळा करायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, सेक्रेटरी. किल्ली माझ्याकडे असायची, म्हणून पुढचं सगळं माझ्या वाट्याला आलं. त्यात मोठेपणा काही नाही.

३० ऑगस्टचा सोमवार गोकुळाष्टमीचा होता. रात्रभर कन्नडच्या डोंगराकडे ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळला. तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या त्याच बाजूने उतरतात आणि चाळीसगाव शहरातून जातात. पहाटेपर्यंत शिवाजी घाटाकडच्या दुकानांत आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला, वाकडीसारख्या गावांतून जनावरं वाहून गेली. आमचं चर्च थोडं उंचावर. त्यामुळे सकाळी उजाडताच लोक आपसूक कंपाउंडच्या भिंतीपाशी येऊन उभे राहिले होते. ओले, चिखलाने माखलेले, हातात एखादी पिशवी नाहीतर शेळीचं पिल्लू. गेटला कुलूप होतं.

मी पाळकसाहेबांना, आमच्या धर्मगुरूंना, फोन केला. ते म्हणाले, "उघडा. पण तहसीलला कळवून उघडा." हे दुसरं वाक्य तेव्हा मला उगाच वाटलं. माणसं भिजताहेत आणि आपण परवानगी काय मागायची? पण त्यांचं बरोबर होतं. प्रार्थनास्थळं बंद ठेवण्याचा आदेश लागू होता, गर्दी जमवली म्हणून उद्या कुणी तक्रार केली असती तर हॉल रिकामा करावा लागला असता. नायब तहसीलदारांना फोनवर सांगितलं, त्यांनी "ठीक आहे, निवारा म्हणून नोंद घेतो, किती माणसं आहेत ते संध्याकाळी कळवा" म्हटलं. कागद नंतर आला. पण त्या नोंदीमुळे पुढे गहू-तांदळापासून डॉक्टरांच्या भेटीपर्यंत सगळं आमच्याकडे वळलं. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर मला त्या दिवशी पहिल्यांदा माहीत झाला. निवृत्त शिक्षिकेला हे सांगायला लाज वाटते, पण वर्गात भूगोलात पूर शिकवताना तो कधी फळ्यावर लिहिला नव्हता.

हॉल साधारण बाराशे चौरस फुटांचा. मदतकार्याचे जे जागतिक निकष आहेत त्यांत एका माणसाला निदान साडेतीन चौरस मीटर जागा धरतात. त्या हिशेबाने आमच्याकडे जेमतेम तीस-बत्तीस माणसं मावायला हवी होती. आम्ही त्याच्या दुपटीपेक्षा जास्त घेतली. बाकं एकावर एक रचून भिंतीला लावली, बायका आणि मुलं वेदीच्या बाजूला, पुरुष दाराकडे. मास्क होते कुणाकडे? आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त नर्सबाईंनी जुन्या चादरी फाडून चौकोन केले आणि ज्यांना ताप होता त्यांना व्हरांड्यात वेगळं बसवलं. मिशन दवाखान्यात आयुष्य गेलेल्या बाई; कुणाचं ऐकत नाहीत आणि कुणी त्यांचं मोडत नाही.

शौचालयं दोनच होती. आपत्तीच्या सुरुवातीला पन्नास माणसांमागे एक चालतं, मग लवकरात लवकर वीस माणसांमागे एक करावं लागतं, हे मी नंतर वाचलं. त्या रात्री नुसतं एवढं दिसलं की बायकांची रांग पहाटे तीनला लागायची, कारण उजेडात बाहेर जायला जागाच नव्हती. जेवणाची काळजी सगळे करतात. शौचालयांवर कुणी बोलत नाही.

जेवणाचं मात्र मंडळीला जमतं. प्रेमभोजनासाठी, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक जेवणासाठी, आमच्याकडे मोठी पातेली, डेग, शंभरावर ताटं आहेत आणि दोनशे माणसांची खिचडी कशी उतरवायची हे महिला मंडळाला पाठ आहे. पहिल्या दिवशी खिचडी. दुसऱ्या दिवशी आम्ही आसपासच्या गल्ल्यांत निरोप दिला की घरपरत पाच भाकरी द्या. कळण्याच्या भाकरींचा ढीग पडला, सोबत ठेचा आणि कांदा. कुणाच्या घरची भाकरी कुणी खाल्ली याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

नेमक्या त्याच जेवणाच्या वेळी एका म्हाताऱ्या मावशीने ताट हातात घेतलं, पण जेवेना. मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "बाई, आमले किरिस्ताव व्हनं पडी का?"

मी म्हटलं, "नही माय, जेवनं पडी फक्त."

ती हसली, मीही हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्याकडे तो जुना आहे. १८९९-१९०० च्या छप्पन्याच्या दुष्काळात मिशनऱ्यांनी ठिकठिकाणी अनाथ मुलं सांभाळली, त्यांतली बरीच ख्रिस्ती झाली. माझ्या सासऱ्यांचे आजोबा त्याच दुष्काळात मिशनच्या दारात आले होते असं घरात सांगतात. आमचं आडनाव, आमचं शिक्षण, आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या नोकऱ्या तिथून आल्या. म्हणून मी त्या लोकांना नावं ठेवणार नाही. पण भुकेल्या माणसाला धर्म सांगितला की तो हो म्हणतो आणि त्या 'हो'ला काय अर्थ असतो हे कळायला मोठी विद्वत्ता लागत नाही.

त्याच रात्री पाळकसाहेबांच्या घरी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांची बैठक झाली आणि याच विषयावर ती तापली. एक वडीलधारे पंच म्हणाले, एवढी माणसं स्वतःहून आपल्या दारात आली आहेत, निदान रोज सकाळी एक प्रार्थना आणि जाताना प्रत्येकाला धर्मप्रचाराची एक छोटी पत्रिका द्यायला काय हरकत आहे? तरुण संघातल्या एका मुलाने मोबाइलवर काहीतरी शोधून वाचून दाखवलं. रेडक्रॉस आणि मोठमोठ्या मदतसंस्थांनी १९९४ मध्ये मान्य केलेली आचारसंहिता होती ती. मदत देताना वंश, धर्म, देश पाहायचा नाही आणि मदतीचा वापर कुठलीही राजकीय वा धार्मिक भूमिका पुढे नेण्यासाठी करायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पंच म्हणाले, "ते त्यांचं. आपलं पवित्रशास्त्र वेगळं सांगतं." पाळकसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "येशूच्या दृष्टांतातल्या शोमरोनी माणसाने जखमी माणसाला धर्मशाळेत ठेवलं, पैसे दिले आणि निघून गेला. त्याने पत्रिका दिल्याचं लिहिलेलं नाही." विषय संपला. पंच नाराज राहिले ते राहिले, अजूनही आहेत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे भाकरी वाटायला तेच पहिले उभे होते.

मग आम्ही दारावर एक कागद चिकटवला. हॉलमध्ये पत्रिका वाटायची नाही. प्रार्थना ज्याला करायची त्याने आपल्या जागी आपल्या पद्धतीने करावी. जेवणाच्या ताटासोबत कुणाचा फोटो काढायचा नाही. या तिसऱ्या नियमावरून बाहेरून मदत घेऊन येणाऱ्यांशी सगळ्यात जास्त वाद झाले. बिस्किटाचा पुडा देताना पाच जणांचे हात त्या पुड्यावर आणि समोर मोबाइल, हा प्रकार आपल्याला नवीन नाही. आम्ही म्हणायचो, फोटो हवा असेल तर आमच्या सेक्रेटरीचा काढा. मी सत्तरीकडे झुकलेली, केस विस्कटलेले. कुणी काढला नाही.

पैशाचं सांगते, कारण तिथे बहुतेक मंडळ्या अडखळतात. आमचा ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला आहे. म्हणजे दर वर्षी हिशेब तपासून घ्यायचा, धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचा. खजिनदारांनी पहिल्याच दिवशी ठराव लिहून घेतला की एवढी रक्कम पूरग्रस्तांच्या निवाऱ्यासाठी खर्च करण्यात येत आहे, आणि गॅस सिलिंडरपासून झाडूपर्यंत प्रत्येक गोष्टीची पावती मागितली. चिखलात उभ्या असलेल्या दुकानदाराकडे पावती मागायला मला संकोच वाटायचा. तेवढ्यात मंडळीतल्या एका कुटुंबाचा मुलगा परदेशातून बोलला की त्यांच्या तिकडच्या चर्चने पैसे जमवले आहेत, खात्याचा नंबर द्या. खजिनदार म्हणाले, नाही. परदेशी वर्गणी घ्यायची तर एफसीआरए कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आमच्याकडे दोन्ही नाही. मग एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत आणू, असं कुणीतरी सुचवलं. २०२० च्या दुरुस्तीनंतर तेही बंद झालं आहे. एका संस्थेला आलेले परदेशी पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. मुलगा दुखावला. पण तिकडचे पैसे नाकारल्यामुळे पुढे कुणाला आमच्याकडे बोट दाखवता आलं नाही, आणि ते बोट दाखवायला माणसं टपलेली होती.

कपड्यांबद्दल एवढंच: जुने कपडे पाठवू नका. आलेल्या गाठोड्यांत लग्नातल्या जरीच्या साड्या, एका पायाचे बूट आणि बटणं तुटलेले शर्ट निघाले. लोकांना हवे होते फावडी, घमेली, फिनाईल, गाद्या, बादल्या, सॅनिटरी पॅड, मुलांची वह्या-दप्तरं.

पाण्याचं काम नर्सबाईंनी हातात घेतलं. विहिरीत आणि टाक्यांत पुराचं पाणी गेलेलं. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, नीट ढवळून अर्धा तास थांबायचं, मग क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टने पाहायचं पिवळा रंग येतो का. ग्रामपंचायतीचे शिपाई हे करतातच, पण त्या दिवसांत ते कुठे कुठे पुरणार? तरुण संघाच्या मुलांना बाईंनी शिकवलं आणि वस्तीतल्या टाक्यांची यादी वाटून दिली. ज्यांच्या पायाला जखमा होत्या आणि जे चिखलात काम करत होते त्यांना आरोग्य केंद्रात पाठवायचं, जखमेतून शिरणाऱ्या लेप्टो तापाची भीती असते. चिखल उपसताना सापही निघत होते, म्हणून सापाच्या लशीसाठी कुठे जायचं ते भिंतीवर लिहून ठेवलं.

आमच्या चर्चकडून सगळ्यात उपयोगी पडलं असं काय, तर माझ्या मते एक लाकडी टेबल आणि दोन खुर्च्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी ओसरलं आणि पंचनामे सुरू झाले. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक असे तिघे गावोगाव फिरायचे. एकेका तलाठ्याकडे कितीतरी गावं. लोकांना वाटायचं, साहेब आले, बघून गेले, झालं. पण सगळं अवलंबून असतं पंचनाम्यात कुठला शब्द लिहिला जातो त्यावर. तेव्हाच्या निकषांप्रमाणे घर पूर्णतः पडलं असेल तर ९५,१०० रुपये. कच्चं घर अंशतः पडलं असेल तर ३,२००. झोपडी असेल तर ४,१००. मागची भिंत उभी राहिली म्हणून 'अंशतः' लिहिलं गेलं आणि दुसऱ्या आठवड्यात तीही कोसळली, असं अनेकांचं झालं. मग पुन्हा अर्ज करायचा, नव्याने फोटो जोडायचा आणि तलाठ्याला पुन्हा बोलवायचं. घरात दोन दिवसांहून जास्त पाणी राहिलं असेल तर भांड्यांना २,००० आणि कपड्यांना १,८०० मिळायचे, हेही बहुतेकांना माहीत नव्हतं.

जनावरांचं त्याहून किचकट. तेव्हा दुभत्या गाई-म्हशीला ३०,०००, बैलाला २५,०००, शेळीला ३,०००, आणि एका कुटुंबाला मोठी दुभती जनावरं तीनपर्यंतच. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी शव पाहिलं पाहिजे, कानातला बिल्ला, फोटो. पण जे जनावर वाहून गेलं त्याचं शव आणायचं कुठून? तिथे साक्षीदार पंचांचे जबाब लागतात, शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. एक शेतकरी आमच्या टेबलापुढे बसला. त्याला विचारलं, काय गेलं? तो एवढंच म्हणाला, "दोन्ही बैल खुटाले बांधेल व्हतात, सोडाले बी येळ भेटना नही." त्याला पुढचं सांगता येईना. नर्सबाई त्याच्यासाठी चहा घेऊन आल्या, पाळकसाहेब त्याच्याजवळ बसून राहिले, काही बोलले नाहीत. अर्ज दुसऱ्या दिवशी भरला. तो पोळ्याच्या आधीचाच आठवडा होता. ६ सप्टेंबरला पोळा होता आणि वस्तीत बैलांचे रिकामे खुंटे दिसत होते.

टेबलावर आम्ही चौघे असायचो. मी, एक निवृत्त रेल्वे क्लार्क, एक माध्यमिकचे मास्तर आणि कॉलेजची एक मुलगी. खान्देशातल्या ख्रिस्ती घरांत मास्तर, नर्स, रेल्वेवाले हे भरपूर. फॉर्म भरायची सवय आमच्या रक्तात आहे म्हणा ना. काम साधं होतं. येणाऱ्याला विचारायचं: घर कुणाच्या नावावर, भाड्याचं की स्वतःचं, पासबुक आहे का, आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळतं का. अर्ध्या लोकांची नावं जुळायची नाहीत. पैसा मंजूर झाला तरी खात्यात न जाता परत जातो तो याच कारणाने. भाडेकरूंची अडचण वेगळीच. घरमालकाचं नाव यादीत यायचं आणि ज्याची भांडी-कपडे गेले तो भाडेकरू कुठेच नसायचा. त्यांची वेगळी यादी करून आम्ही तलाठ्यांना दिली. एका तलाठी भाऊंनी ती पाहिली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही हे आधीच केलंत म्हणून माझा आठवडा वाचला." सरकारी माणसाकडून एवढं कौतुक मला शाळेतल्या सगळ्या नोकरीत मिळालं नव्हतं.

कागद भिजले होते. रेशनकार्ड, सातबारे, शाळेचे दाखले, लग्नाच्या पत्रिका, एका म्हातारीचं पेन्शनचं पुस्तक. ते बाकांवर पसरून, वर गीतांची पुस्तकं ठेवून आम्ही वाळवले. जनरेटर कुणीतरी मंडपवाल्याने दिला होता, त्यावर पंखे चालायचे. अहमदनगरच्या छपाईची ती जाड पुस्तकं वजनाला उत्तम.

पीकविम्याची धावपळ तरुण मुलांनी केली. तेव्हा शेतात पाणी साचून नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवावं लागायचं, ॲपवर किंवा फोनवर. पण नेटवर्क गेलेलं, मोबाइल भिजलेले, आणि घरात चिखल असताना कापसाच्या शेतात फोटो काढायला कोण जाणार? मुलांनी मोटारसायकली काढल्या, शेतकऱ्यांना मागे बसवून बांधावर नेलं, फोटो काढले, जिथे रेंज मिळेल तिथून तक्रार पाठवली. कितीजणांचा विमा मिळाला हा वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलायला बसले तर माझा तोल जाईल. पण तक्रारीचा नंबर हातात नसेल तर पुढे भांडताही येत नाही.

सप्टेंबरात तितूरला पुन्हा पूर आले. त्या वेळेपर्यंत हॉलमधली बहुतेक माणसं आपापल्या घरी किंवा नातेवाइकांकडे गेली होती, काही परत आली. १० सप्टेंबरला गणपती बसले. जवळच्या एका मंडळाने मांडव छोटा केला आणि वर्गणीतून गाद्या आणून दिल्या, दर्ग्याकडच्या मुलांनी टेम्पो दिला. आमच्या हॉलमध्ये मुक्कामाला असलेल्या एका कुटुंबाने कोपऱ्यात सुपारीचा गणपती मांडला. मला कुणीतरी विचारलं, चालेल का? दारावरच्या कागदावर लिहिलंच होतं, ज्याने त्याने आपल्या पद्धतीने. नाराज पंचांनी ते पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि दुपारी त्या घरातल्या मुलांना पेढे देऊन गेले.

ऑक्टोबरात चर्च उघडलं. पहिल्या उपासनेला भिंतींवर चिखलाच्या हातांचे ठसे होते, ते आम्ही पुढे रंग देताना काढले. आता कामाची रीत बसली आहे. मे अखेरीस पाळकसाहेब आणि मी तहसीलला जाऊन भेटतो, हॉलचा पत्ता, क्षमता, किल्ली कुणाकडे हे लिहून देतो. किल्ल्या तीन घरांत ठेवल्या आहेत. एका कपाटात ताडपत्र्या, दोर, टॉर्च, टीसीएलचे डबे, कोरे अर्ज. टीसीएल जुनं झालं की त्याचा दम जातो, म्हणून दर वर्षी बदलतो. एका वहीत आसपासच्या गल्ल्यांतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची, गरोदर बायकांची, अपंगांची नोंद आहे, धर्म-जातीचा रकाना नसलेली. घंटेबद्दल नगरपालिकेशी ठरलं आहे की रात्री पाणी वाढल्याचा निरोप आला तर आम्ही ती सलग वाजवायची. शेजारच्यांना सांगून ठेवलं आहे, नाहीतर सगळे समजतील कुणी गेलं.

शौचालयांचं मात्र अजून अडलेलं आहे. मी म्हणते बायकांसाठी आणखी दोन बांधा आणि व्हीलचेअरसाठी उतार करा. ते नाराज पंच म्हणतात आधी कंपाउंडची भिंत, ती पुरात खचली आहे. पैसे एकाच कामाला पुरतील इतके आहेत. मागच्या बैठकीत मतं सारखी पडली आणि पाळकसाहेबांनी विषय पुढच्या महिन्यावर ढकलला. नर्सबाई मतदानाला नव्हत्या, नातवाच्या बारशाला गेल्या होत्या. पुढच्या बैठकीची तारीख मी त्यांना विचारून ठरवली आहे.